ज्वारीच्या पिंपावर बसणारी करडी पाखरं कोणती?

ज्वारीच्या पिंपाभोवती रोज संध्याकाळी पाच-सहा करडी पाखरं उडतात, ती कपडे खातील का, असं तुम्ही मिरजेहून विचारलंय. कपड्यांची काळजी सोडा, आधी ज्वारीत हात घाला. दाणे चिवट धाग्यांत गुंतून त्यांचे गोळे झाले असतील, तर हा तांदळावरचा पतंग, कॉर्सिरा. नाव तांदळाचं, पण ज्वारी, रवा, शेंगदाणे सगळं चालतं त्याला. जाळी नसेल, दाण्याला गोल भोक असेल आणि पाखरू पिवळसर असेल, तर तो दुसरा पतंग.

कॉर्सिरा जेमतेम सेंटिमीटरभर लांब. बसला की पंख अंगालगत मिटून घेतो, लाकडाची बारीक ढलपी चिकटल्यासारखा दिसतो. चिमटीत धरलात तर बोटांना करडी पूड लागते, ते पंखांवरचे खवले. पण पाखरं मारत बसून भागत नाही. ती आठवडाभर जगतात आणि धान्याला तोंडही लावत नाहीत. खाते ती मळकट पांढरी अळी, महिनाभर, आतल्या आत. कोष करायला ती पोत्याच्या घडीत, झाकणाच्या कडेला चढते. त्या जागा ब्रशने खरवडून काढा. ज्वारी चाळून दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला. जुन्या धान्यावर नवं ओतू नका. आमच्या घरी तसं केलं आणि पोतंभर शाळू गुरांपुढे टाकावा लागला. थोडासा रवा असेल तर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा.

मी मात्र या पाखराचा ऋणी आहे. वाळवा तालुक्यात एका प्रयोगशाळेत मी दोन वर्षं हीच पाखरं पाळली, ज्वारीच्या भरडीत शेंगदाण्याचं कूट घालून, तोंडाला मास्क बांधून, कारण खवले नाकात गेले की शिंका थांबत नाहीत. रात्री घातलेली अंडी सकाळी जाळीखाली पडलेली असायची, खसखशीहून बारीक. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी डिंकाने चिकटवायची आणि त्यांवर ट्रायकोग्रामा सोडायचा. अर्ध्या मिलिमीटरची ही गांधीलमाशीच्या कुळातली माशी कॉर्सिराच्या अंड्यात आपलं अंडं घालते. चौथ्या दिवशी कार्ड काळं पडलं, म्हणजे अंड्यांत ट्रायकोग्रामा वाढतोय हे कळलं, की जिवात जीव यायचा. मग त्याच्या पट्ट्या कापून उसाच्या पानामागे टाचायच्या. त्यातून निघालेल्या माशा खोडकिडीची अंडी हुडकत फिरतात.