खोटं पत्र एजंटनं जोडलं, उत्तर मात्र आम्ही द्यायचं?

प्रश्न : ताई, मी सिंहगड रोडला राहते. मुलाच्या कॅनडाच्या स्टुडंट व्हिसासाठी डेक्कनच्या एका एजंटला माझ्या खात्यातून 1 लाख 20 हजार दिले. आता कॅनडाहून ईमेल आलाय की बँकेचं पत्र खरं वाटत नाही, खुलासा करा. असं पत्र आम्ही दिलेलंच नाही हो! एजंट म्हणतो, टेन्शन घेऊ नका, मीच उत्तर टाकतो. सोसायटीतले वकीलकाका म्हणतात शिवाजीनगर कोर्टात केस ठोकू. कुणाचं ऐकू?

उत्तर : आज तरी कुणाचंच नाही. पहिलं काम म्हणजे एजंटला एक अक्षरही पाठवू देऊ नका, कारण ज्यानं घोळ घातला तोच खुलासा लिहिणार म्हणजे स्वतःची मान सोडवून तुमच्या मुलाची अडकवणार ना. त्याच्याकडून व्हिसा अर्जाच्या ऑनलाइन अकाउंटचा आयडी-पासवर्ड घ्या आणि काय काय अपलोड केलंय ते डाउनलोड करून ठेवा, नाही दिलं तर व्हॉट्सअपवर लेखी मागा म्हणजे निदान मागितल्याचा पुरावा राहतो.

तुम्हाला आलेल्या ईमेलला प्रोसिजरल फेअरनेस लेटर म्हणतात, म्हणजे निर्णय घेण्याआधी तुमची बाजू मांडायची संधी. त्यात उत्तराची मुदत दिलेली असते, ती आधी कॅलेंडरवर मोठ्ठी लिहा. खोटी माहिती दिली असं एकदा ठरलं तर 5 वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि 'फॉर्म एजंटनं भरला' हे तिकडे सहसा चालत नाही, अर्ज मुलाच्या नावाचा म्हणजे जबाबदारी त्याचीच. ऐकायला कडू आहे, पण आहे असं आहे.

म्हणून खुलासा करायला कॅनडाचं लायसन असलेलाच माणूस हवा. पैसे घेऊन सल्ला द्यायचा किंवा तुमच्या वतीनं बोलायचं तर तिथला वकील नाहीतर तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा मेंबर लागतो, क्युबेकचे नोटरीही चालतात. मेंबरांची यादी त्यांच्या साइटवर फुकट बघता येते, एजंटचं नाव टाकून बघाच. आणि अर्जासोबत 5476 नंबरचा प्रतिनिधीचा फॉर्म होता का तेही बघा. नसेल तर हा बाबा पडद्यामागून काम करत होता, कागदावर कुठेच नाही. असे पुण्यात गल्लोगल्ली आहेत, काचेचं ऑफिस आणि भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे!

व्हिसा नाकारला गेला तर तिथल्या फेडरल कोर्टात जाता येतं, भारतातून केलेल्या अर्जाला 60 दिवसांची मुदत असते. तिथे कन्सल्टंट उभा राहू शकत नाही, वकीलच लागतो, त्यामुळे पहिल्यापासून वकीलच गाठलेला बरा. व्हिडिओ कॉलवर बोलता येतं, फी मात्र आधीच लेखी मागा.

राहिले वकीलकाका. ते चूक नाहीत, पण त्यांचं भांडण वेगळं आहे, ते पैशाचं. मुलाचा व्हिसा शिवाजीनगरहून सुटणार नाही पण एजंटवर फसवणुकीची तक्रार पोलिसात करता येते, आणि पैशासाठी जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी शून्य, वकील नसला तरी चालतं. शिवाय पैसे तुमच्या खात्यातून गेलेत ना, मग तक्रारदार तुम्हीच व्हा, कारण बाईला उत्पन्न कितीही असो सरकारी मोफत वकील मिळू शकतो, शिवाजीनगर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे नाहीतर 15100 ला फोन लावा. पोलिसातली तक्रार लगेच करा, तिची प्रत खुलाशाला जोडायची का ते कॅनडाचा वकील ठरवेल.

प्रश्न : बहीण न्यू जर्सीत एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर आहे. तिथला एक 'नोटरी' वकिलाच्या निम्म्या पैशात एक्स्टेंशनचे कागद करून देतो म्हणतोय. करू दे का?

उत्तर : अजिबात नको. आपल्याकडे नोटरी म्हणजे बहुतेक काळ्या कोटातले वकीलसाहेबच, तिकडे मात्र नोटरी फक्त सही-शिक्का करणारा, कायद्याचा सल्ला द्यायचा त्याला हक्कच नाही. इमिग्रेशनचा कायदा सगळ्या अमेरिकेला एकच, त्यामुळे टेक्ससचा वकीलही तिचं काम करू शकतो, फक्त त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांच्या संघटनेच्या साइटवर त्याचं नाव आहे का बघायला सांगा. वकील परवडत नसेल तर न्याय खात्यानं मान्यता दिलेले प्रतिनिधी काही सेवाभावी संस्थांत असतात, ते कमी पैशात करतात. आणि कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही हे तिला आजच फोन करून सांगा.