मराठीतून बीए आणि पुढे डिजिटल ह्युमॅनिटीज? वेंगुर्ल्याच्या एका आईला उत्तर

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. लेक टीवाय बीएला, विषय मराठी, दशावतार बघायला रात्र रात्र जागते, कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीचे, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या लोककलेतल्या चित्रांचे, फोटो काढत फिरते आणि आता म्हणते डिजिटल ह्युमॅनिटीज करणार. बाबांचं म्हणणं गपचूप बीएड कर. आणि तुम्ही शेवटी लिहिलंय, "ह्या शिकान गावतला काय?", म्हणजे हे शिकून मिळणार काय. रास्त प्रश्न आहे, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगते.

आधी हे आहे काय ते. विषय जुनेच, साहित्य, चित्रं, नाटक, फक्त अभ्यास करताना कॉम्प्युटरची मदत घ्यायची. आणि हे काही आत्ताचं फॅड नाही हो, रॉबेर्तो बुसा नावाच्या एका इटालियन पाद्र्याने 1949 मध्ये आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीला गाठून थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या सगळ्या लिखाणाची शब्दसूची मशीनवर करायला घेतली होती, त्यात त्याची तीसेक वर्षं गेली.

आता तुमच्या जवळचंच घ्या. चित्रकथीच्या एका पोथीत एका कथेची चित्रं असतात, दोन दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सांगणारा एक दाखवतो आणि उलटतो. तिने नुसते फोटो काढून इन्स्टावर टाकले तर लाइक मिळतील, बस. पण प्रत्येक चित्राची नोंद केली, म्हणजे कुठली कथा, कुठला प्रसंग, कोण पात्र, उजवीकडे बघतंय की डावीकडे, रंग कुठले, कागद कुठे फाटलाय, मागच्या बाजूला काय आहे, पोथी कोणाच्या घरातली, आणि ते सगळं नीट एका एक्सेल शीटमध्ये भरलं, की मग रावण वेगवेगळ्या पोथ्यांत कसा बदलतो ते शोधता येतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात पैठणची चित्रकथी आहे, तिच्याशेजारी पिंगुळीची ठेवून बघता येते. खरं काम हे नोंदींचं आहे. कंटाळवाणं आहे, आणि ते जिला आवडतं तिनेच इकडे यावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हो, फोटो काढायच्या आधी त्या घरातल्या माणसांची परवानगी, ते कुठे वापरणार हेही सांगायचं, ती कला त्यांचं पोट आहे, उद्या कोणीतरी तेच चित्र मगवर छापून विकेल.

साहित्यातही तसंच. समजा तिला कोकणातल्या लेखकांच्या लिखाणात समुद्र कसा येतो ते बघायचंय. वॉयन्ट टूल्स फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, मजकूर टाकला की शब्द मोजून देतं, पण त्याला समुद्र, समुद्राला, समुद्रावरून हे तीन वेगळे शब्द वाटतात, आणि दर्या म्हणजे तोच हे तर त्याला माहीतच नसतं. जुनं पुस्तक स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने वाचून घेतलं तर जोडाक्षरांची वाट लागते. इंग्रजीला तयार टूल्स ढिगाने आहेत, मराठीला दुरुस्त्या करणारं माणूस लागतं आणि ते मराठी वाचलेलंच लागतं, तुमच्या लेकीची जागा तिथे आहे. कॉपीराइटचंही बघावं लागतं, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. पालगडचे साने गुरुजी 1950 ला गेले म्हणून त्यांचं लिखाण मोकळं झालंय, आरती प्रभूंचं मात्र 2036 संपेपर्यंत नाही.

नोकरीचं. "डिजिटल ह्युमॅनिटिस्ट पाहिजे" अशी जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल, कामं दुसऱ्या नावाने निघतात, म्युझियम आणि अर्काइव्हचं डिजिटायझेशन, लायब्ररी, प्रकाशन, भाषेचा डेटा तयार करणाऱ्या कंपन्या. बरीचशी प्रोजेक्टवरची, प्रोजेक्ट संपला की पुढचा शोधा. पर्मनंट शिक्षकासारखी शाश्वती नाही, हे बाबांचं म्हणणं मी खोडणार नाही.

कोर्सेस आहेत, आयआयटी जोधपूरला डिजिटल ह्युमॅनिटीजमध्ये एमएस्सी आहे, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात यातलं काम बऱ्याच वर्षांपासून चालतं, रवींद्रनाथांची हस्तलिखितं आणि छापील आवृत्त्या शेजारी शेजारी बघता येतील अशी 'विचित्रा' नावाची वेबसाइट त्यांनीच 2013 मध्ये केली. पुण्यात डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञानात एमए करूनही या वाटेला येता येतं. पात्रता आणि फी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका.

पण फॉर्मच्या आधी एक करा. तिला मराठी विकिस्रोतवर बसवा, विकिपीडियाचीच जुन्या पुस्तकांची भावंड साइट. एका बाजूला स्कॅन केलेलं पान, दुसऱ्या बाजूला मशीनने वाचलेला मजकूर, तो ताडून दुरुस्त करायचा, तपासलं की पान लालचं पिवळं होतं, दुसऱ्या कोणी पुन्हा तपासलं की हिरवं. महिनाभर रोज थोडी पानं करू दे. सोबत एकाच पोथीची पूर्ण नोंद. महिन्यानंतरही तिला पुढचं पान उघडावंसं वाटलं तर एमएस्सीचा फॉर्म भरा, नाही वाटलं तर दशावतार बघायला कोण अडवतंय. बीएडची सीईटी मात्र दोन्ही बाबतीत द्यायला लावा, त्याने बाबाही शांत होतील आणि तिच्या हातात एक वाट राहील.

लॅपटॉपचं विचारलंत. महागाचा अजिबात घेऊ नका, 8 जीबी रॅमचा सेकंडहँडसुद्धा या कामाला पुरतो, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागली तरी. फक्त घेताना कीबोर्ड आणि बॅटरी तपासून घ्या, आणि पोथीच्या नोंदींची एक कॉपी पेनड्राइव्हवर वेगळी ठेवायला सांगा, पावसाळ्यात तुमच्याकडे लाइटचा काय भरवसा.