विचारा, सांगतो: ॲक्रिलिकच्या पेट्यांचे सांधे

प्रश्न : मी मातीचे बैल आणि लाकडी बैलगाड्या करते. पोळ्याच्या आधी मागणी असते, आणि ठेवायला पारदर्शक पेटीही लोक मागतात. ३ मिलिमीटरच्या ॲक्रिलिकचे तुकडे लातूरहून लेझरवर कापून आणते आणि घरी जोडते. आधी झटपट चिकटणारा गोंद लावला, तर कडेभोवती पांढरट धुके धरले. मग दुकानदाराने क्लोरोफॉर्म दिले. जोड सुरेख आले, पण दोन-तीन दिवसांत कडांना केसासारख्या चिरा पडल्या. कोणता गोंद चांगला, तेवढे सांगा.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, धुके गोंदामुळे आले हे खरे. झटपट गोंदाची वाफ आजूबाजूला बसते आणि पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. पारदर्शक कामाला तो गोंद हातातच घेऊ नये. पण चिरांचे मूळ लेझरमध्ये आहे. बाटली कितीही बदलली तरी त्या येणारच.

लेझर कापतो तेव्हा कडेचा पातळ थर वितळतो आणि लगेच गोठतो. आतला भाग मात्र थंडच असतो. त्यामुळे कड ताणलेली राहते. वरून ती काचेसारखी चकाकते, म्हणून गिऱ्हाईकही खूश आणि आपणही खूश. तिला क्लोरोफॉर्म, स्पिरिट, थिनर असले काहीही लागले की तो ताण चिरांच्या रूपाने बाहेर पडतो. कधी पाच मिनिटांत, कधी पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर. ट्यूबलाइटखाली पेटी जरा तिरपी धरा, सुरुवातीच्या चिरा तिथे आधी दिसतील.

शीट घेताना ‘कास्ट’, म्हणजे साच्यात ओतून केलेली, मागा. स्वस्तातली ‘एक्स्ट्रुडेड’, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, शीट जास्त फुटते. ओळखायची खूण सांगतो. कापणाऱ्याला कोपऱ्यातल्या टाकाऊ तुकड्यावर लेझरने एखादे अक्षर कोरायला लावा. कास्टवर अक्षर दुधासारखे पांढरे उमटते, एक्स्ट्रुडेडवर जवळपास पारदर्शकच राहते. बिलावर काय छापले आहे त्यापेक्षा मी या अक्षरावर विश्वास ठेवतो.

कापून आणलेले तुकडे जोडण्याआधी शेकले तर ताण उतरतो. साधारण ८० अंश सेल्सिअस, तुमच्या जाडीला दोनेक तास, आणि नंतर भट्टी बंद करून दार न उघडता आतच निवू द्यायचे. तुकडे सपाट ठेवा, वरचा कागद किंवा फिल्म काढून. १०० अंशांच्या आसपास ॲक्रिलिक मऊ पडू लागते. घरच्या छोट्या ओव्हनचा काटा बऱ्याचदा खोटे बोलतो, तेव्हा आत वेगळा थर्मामीटर ठेवल्याशिवाय हा उद्योग करू नका. ओव्हन नसेल तर जोडात जाणारी कड हॅक्सॉ ब्लेडच्या पाठीने खरवडा. ब्लेड कडेवर उभे धरून एका दिशेने ओढायचे, पातळ पापुद्रे निघतात. मग काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर कड हलकेच फिरवा आणि गुण्या लावून काटकोन पाहा. लेझरची कड किंचित तिरपी येते, तीही यात सरळ होते. ज्या कडा बाहेर दिसणार त्यांना हात लावू नका, त्यांची चकाकी तशीच राहू दे.

आता जोड. क्लोरोफॉर्म किंवा त्याच्याच जातीचे दुसरे द्रव डायक्लोरोमिथेन हे गोंदासारखे मध्ये बसत नाही. दोन्ही कडा विरघळवून एकमेकींत मिसळवते आणि स्वतः उडून जाते. म्हणजे फट भरायला मागे काहीच उरत नाही. कडा कोरड्याच नीट टेकत असतील तरच जोड येतो. इंटरनेटवरून उतरवलेले दातऱ्या-खाचांचे डिझाइन मला म्हणून आवडत नाही. ३ मिलिमीटर म्हणून घेतलेली शीट मोजली की बऱ्याचदा कमी भरते, खाच ढिली होते आणि प्रत्येक दातात बुडबुडा अडकतो. सपाट कडेला सपाट शीट टेकवा, दिसायलाही तेच बरे.

जोडापासून दोन बोटे फिल्म मागे सोला. सोलली नाही तर द्रव फिल्मखाली शिरतो आणि तिथे कायमचा डाग उमटतो. तुकडे काटकोनात उभे करून मास्किंग टेपने धरा. बारीक सुईतून थेंब सांध्याच्या आतल्या बाजूला सोडा आणि सुई सावकाश पुढे न्या. द्रव आपोआप आत ओढला जातो. यावेळी शीटच्या बाजूने बघत राहा. कोरडा सांधा चंदेरी दिसतो. द्रव पोचला की चंदेरी रंग पुसल्यासारखा जातो आणि तिथे आरपार दिसते. जिथे चंदेरी ठिपका उरला तिथे हवा आहे, लगेच हलके दाबा. जोर केला तर द्रव बाहेर फेकला जाईल आणि सांधा उपाशी राहील. दवाखान्याच्या साध्या सिरिंजचा रबरी दट्ट्या या द्रवात फुगून अडकतो. काचेची सिरिंज किंवा सुई लावलेली पॉलिथिनची पिळायची बाटली वापरा. काही मिनिटांत पेटी उभी राहील, पण पूर्ण दिवस तिला हलवू नका.

आपल्याकडच्या हवेचेही सांगायला हवे. डायक्लोरोमिथेन साधारण ४० अंशांना उकळते. लातूर-बीडकडे मे महिन्यातली दुपार त्याच्या पुढे जाते. मग द्रव सांध्यातच उकळून बुडबुडे करणार, सुईतून आपोआप ठिबकणार आणि बाटली उघडताच फसफसणार. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते, त्यामुळे तेव्हा ते हाताळायला सोपे जाते. पावसाळ्याची अडचण उलटी आहे. द्रव उडताना सांधा गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि जोड दुधाळ होतो. तुमचा हंगाम नेमका श्रावणात, म्हणून झड लागली असेल त्या दिवशी शेकणे-खरवडणे उरका आणि जोडणी कोरड्या दुपारसाठी राखून ठेवा.

सिनेमात रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून माणूस क्षणात आडवा करतात, ते सोडा. खरा धोका रोज थोडे थोडे हुंगण्यात आहे. दोन्ही द्रवांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. दारे-खिडक्या उघडून टेबलावर काम करा. जमिनीवर बसून नको, आणि लेकरे खेळतात तिथे तर मुळीच नको. जवळ गॅस, उदबत्ती, विडी नसावी, कारण आचेवर या वाफेचा विषारी वायू होतो. बाटली गडद रंगाची, सावलीत ठेवलेली हवी. आणि नाव नसलेल्या बाटलीत ‘ॲक्रिलिकचे लिक्विड’ म्हणून जे विकतात ते घेऊ नका.

प्रश्न : पैठणीचा जुना पदर तीन फुटी चौकटीत लावला आहे. पुढे ॲक्रिलिक, चारी बाजूंनी स्क्रू. दर उन्हाळ्यात स्क्रूपाशी तडा जातो. जाड शीट घेऊ का?
— एक वाचक, पैठण

उत्तर : जाडीने काही होणार नाही. ॲक्रिलिक मीटरमागे प्रत्येक अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढते. थंडीतली पहाट १२ अंश आणि मेमधली दुपार ४२ धरली, तर तुमची तीन फुटी शीट जवळजवळ दोन मिलिमीटर लांब होते. लाकूड तेवढे हलत नाही, आणि सगळा ताण स्क्रूवर येतो. भोके स्क्रूपेक्षा तीन मिलिमीटर मोठी पाडा, खाली रबरी वॉशर द्या आणि स्क्रू करकचून आवळू नका. त्याहून बरे म्हणजे स्क्रू काढून टाका आणि शीट लाकडी खाचेत सैल बसवा. पुढच्या वेळी अतिनील किरणे अडवणारी शीट मागा, जुन्या रेशमाचा रंग त्याने जास्त टिकेल. चौकटीत काही जोडकाम केले असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत पदर आत ठेवू नका.

प्रश्न : शाळेतल्या ट्रॉफीच्या ॲक्रिलिक कपाटावर धूळ चिकटून राहते. शिपाई काचेचा निळा स्प्रे मारतो. चालेल का?
— एक शिक्षक, परभणी

उत्तर : अमोनिया किंवा स्पिरिट असलेला स्प्रे बंद करा, लेझरने कापलेल्या कडांना तर तो नकोच. साबणाचे चार थेंब टाकलेले पाणी आणि मऊ सुती किंवा मायक्रोफायबर फडके पुरे. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्या, मगच फडके लावा. कोरडे घासले की ओरखडे तर पडतातच, शिवाय वीज साचते आणि घासलेल्या जागीच पुन्हा धूळ बसते.