पॅकेज घेण्याआधी डायव्हिंगचा हिशेब कर

भाऊ, कापसाचे पैसे आले की मालदीवला जायचं म्हणतोस, जरूर जा. पण ‘सगळं समाविष्ट’ पॅकेजमध्ये खोली, जेवण, पेयं येतात. डायव्हिंगचे, म्हणजे सिलिंडर लावून समुद्रात पाण्याखाली जाण्याचे, पैसे बहुतेक वेळा वेगळे लागतात. बोट, हवेचा सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडात देणारं उपकरण), गाइड यांतलं काय धरलंय ते लेखी माग. किनाऱ्यालगतच प्रवाळ असलेलं बेट निवड, म्हणजे दर वेळी बोटीचा खर्च नाही. रिसॉर्टचे फोटो पाहून भुलू नकोस, डाइव्ह सेंटर कसं आहे ते विचार.

त्याआधी अमरावतीत किंवा नागपुरात जलतरण तलावावर पोहणं पक्कं कर. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ‘ओपन वॉटर’ या सुरुवातीच्या कोर्सला २०० मीटर सलग पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. दमा असेल तर डॉक्टरांना आधी दाखव, हे टाळू नकोस. आणि शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको; परतीचं तिकीट तसंच काढ.