एकच हात, तोही बेडीत

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २९) नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोडाऊनमध्ये माल मोजून नोंद करतो. सहा वर्षांपूर्वी मशीनमध्ये सापडून त्याचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला; तो कृत्रिम हात लावतो. माल चोरल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. याआधी त्याच्यावर एकही गुन्हा नाही. पोलीस स्टेशनमध्ये त्याचा कृत्रिम हात काढून घेतला. कोर्टात नेताना डाव्या मनगटाला बेडी घालून तिचं दुसरं कडं गाडीच्या गजात अडकवलं, कमरेला दोर बांधला. वळणावर तो पडला आणि खांदा सुजला. दुसऱ्या दिवशी कमरेच्या दोरानिशी त्याला गोडाऊनसमोर सगळ्यांदेखत पायी फिरवलं. पोलीस साहेब म्हणाले, "एका हाताच्या माणसाला दोन्ही कडी कशी घालणार? म्हणून दोर." आता जामीन झालाय, पण कृत्रिम हात परत मिळालेला नाही. दर सोमवारी हजेरी आहे. तक्रार केली तर त्रास वाढेल का?

उत्तर : ताई, साहेबांचं ते वाक्य आजच तारखेसह वहीत लिहून ठेवा. त्यात तुमची अर्धी बाजू आहे. बेडी बसत नाही म्हणून दोर, असा हिशेब कायद्यात कुठेच नाही. या माणसाला जखडायची गरज होती का, हे आधी ठरायला हवं, आणि ते पोलिसांनी कारणासह लिहून दाखवायचं असतं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६ अगदी छोटं आहे. अटकेतला माणूस पळू नये यासाठी लागेल तेवढंच त्याला आवरायचं, त्याहून जास्त नाही. १९८० साली प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेडी घालणं अमानुष ठरवलं. १९९५ मध्ये आसामच्या प्रकरणात तर ने-आण करताना बेडी घालायची तर आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्या, असं बजावलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच नव्या संहितेने कलम ४३(३) मध्ये पोलिसांना थोडी मोकळीक दिली आहे. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, किंवा खून, बलात्कार, दहशतवाद, अमली पदार्थ अशा गंभीर गुन्ह्यांतला आरोपी असेल, तर अटक करताना आणि कोर्टापुढे नेताना बेडी घालता येते. नोकराने मालकाचा माल चोरणं, म्हणजे न्याय संहितेचं कलम ३०६, त्या यादीत नाही. आणि गोडाऊनसमोर फिरवणं ही अटकही नव्हती, कोर्टापुढे नेणंही नव्हतं. तो चक्क धिंडीचा प्रकार आहे. आपल्याच राज्यात बेडी घालून रस्त्यातून फिरवलेल्या एका कच्च्या कैद्याला उच्च न्यायालयाने १०,००० रुपये भरपाई दिली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. रक्कम मात्र अधिकाऱ्याऐवजी राज्य शासनाने द्यावी, असं सांगितलं.

आता त्या डाव्या हाताबद्दल. दोन हात असलेल्या माणसाचा एक हात गजाला अडकवला, तर दुसऱ्या हाताने तो सीट धरतो. तुमच्या भावाकडे तो दुसरा हात नव्हताच. पाणी पिणं, घाम पुसणं, पॅन्टची चेन लावणं, तोल सावरणं, सगळं त्याच एका हातावर चालतं. तो अडकवला की माणूस पूर्ण असहाय होतो. वळणावर तो पडणारच होता. कुबड्यांवर चालणाऱ्या एका आरोपीच्या दोन्ही हातांत बेडी घालून त्याला जिना चढायला लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दोन शिपाई दोन बाजूंना बसवले, एकाने दंडाला धरलं, डावा हात मोकळा ठेवला, तर असा माणूस कुठे पळणार होता? अटकेतल्या माणसाच्या प्रकृतीची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणं ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५६ प्रमाणे त्याला ताब्यात ठेवणाऱ्याची जबाबदारीच आहे.

कृत्रिम हाताबाबत पोलिसांची एक बाजू खरी आहे, ती मी लपवणार नाही. तो काढून तपासण्याचा अधिकार त्यांना आहे, कारण आत काही लपवलेलं असू शकतं. पण तपासून झाला की परत लावायला द्यायचा. ठेवूनच घेतला असेल तर कलम ४९ प्रमाणे वस्तूंची पावती द्यावी लागते. पावती मिळाली होती का? नसेल तर तेही लिहा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ मध्ये दिव्यांगाच्या साहाय्यक साधनाच्या वापरात जाणूनबुजून अडथळा आणणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ६ महिने, कमाल ५ वर्षं. मात्र त्याच कायद्याचं कलम ९४ सांगतं की सरकारी कर्मचाऱ्यावर असा खटला चालवायला आधी शासनाची मंजुरी लागते. म्हणून सुरुवात तिथून करू नका.

सगळ्यात आधी हात परत मिळवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडा. उद्याच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात खांदा दाखवून कागद करून घ्या. काय घडलं ते डॉक्टरांना सांगा आणि ते केसपेपरवर उतरलंय का, ते बघा. अटकेनंतर झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मिळणं हा कलम ५३ प्रमाणे भावाचा हक्क आहे, तीही मागा. तिसरं काम सीसीटीव्हीचं. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस स्टेशनमधलं चित्रण १८ महिने, आणि तशी सोय नसेल तिथेही किमान १ वर्ष, जपायला सांगितलं आहे. त्या दिवसांचं चित्रण राखून ठेवा असा अर्ज पोलीस आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. गोडाऊनसमोर कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढला असेल तर तो मूळ फाईलसह मिळवा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला नको.

मग तक्रार. एक पोलीस आयुक्तांकडे, एक पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, एक राज्य मानवी हक्क आयोगाकडे. आयोगाकडे घटनेपासून १ वर्षाच्या आत जायला हवं. भरपाईसाठी उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहेच. वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये दिव्यांगाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात प्रमाणपत्र घेऊन जा.

तुमची भीती मला कळते. सोमवारची हजेरी मात्र एकदाही चुकवू देऊ नका, जामीन रद्द करायला तेवढं कारण पुरतं. दर वेळी तुम्ही किंवा कुणी जाणतं माणूस सोबत जा, आल्याची आणि निघाल्याची वेळ नोंदवून घ्या. तक्रारीनंतर कुणी दमदाटी केली तर त्याच आठवड्यात कोर्टात अर्ज द्या आणि हजेरी दुसऱ्या पोलीस स्टेशनला लावून मागा. त्या अर्जाला जोडायला तक्रारीची पोचपावती लागेल, म्हणून तक्रार लांबवू नका.