त्या अठरा वर्षांच्या पोराला बोल लावू नको

बेटा,

रात्री उशिरा तुझा मेसेज बघितला, "काका, मला फक्त एक अगरबत्ती पाहिजे, बारावीनंतरच्या त्या जूनमध्ये जायचंय". म्हणजे 'नाइन' बघून संपली तर. मीपण बघितलीय रे, 2013 ची कोरियन मालिका, मोबाईलवर सबटायटल वाचत पूर्ण वीस भाग. म्हणून आज मालिकेवरूनच भांडतो तुझ्याशी.

त्या न्यूज अँकर सनऊला हिमालयात मेलेल्या भावापाशी अगरबत्ती सापडते, पेटवली की बरोबर वीस वर्षं मागे, आणि ती जळते तोवर अर्धा तास हातात, बस. अशा एकूण नऊ. त्याने काय वाईट करायला घेतलं होतं? भावाचं पहिलं प्रेम तुटलं होतं ते जुळवून दिलं. आणि परत येऊन बघतो तर स्वतःच्या प्रेमातली मुलगी त्याची पुतणी झालेली, कारण भावाचं जिच्याशी लग्न लागलं ती तिची आई निघाली. तुम्ही पोरं याला ट्विस्ट म्हणता. मला त्यात एवढंच दिसलं की वीस वर्षांनी मोठा झालेला, सगळी माहिती जवळ असलेला माणूस, त्यालासुद्धा समजलं नाही पुढे काय होईल ते. मग बारावीनंतरच्या तुला, त्या अठरा वर्षांच्या पोराला, कसं समजणार होतं?

तेच सांगतोय. त्या पोराला मूर्ख म्हणू नको. वडिलांचं बायपास ठरलं होतं, घरात कमावतं दुसरं कोणी नव्हतं, तू पुण्याची सीट सोडली आणि जळगावला बीएस्सीला ॲडमिशन घेतलं. त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर त्याने ठरवलं आणि बरोबर ठरवलं. वडील बरे होऊन परत वावरात जायला लागतील हे त्याला माहीत नव्हतं, तुला आज माहीत आहे. आजची माहिती घेऊन तू त्याचा निकाल लावतोय, हा अन्याय आहे भो.

आमच्याकडे मृगबाग, म्हणजे जूनमधली केळीची बाग, लावताना पुढच्या वर्षी केळीला काय भाव राहील ते कोणाला माहीत असतं? तरी लावतोच ना. नंतर भाव पडला म्हणून लावणारा येडा ठरत नाही.

माझंपण ऐक. मुंबईच्या नोकरीचं लेटर माझ्या हातात होतं, रावेर सोडायचं नक्की होतं, आणि मी गेलो नाही. धाकटा भाऊ दहावीत, आई एकटी, विहिरीला पाणी कमी. आता लग्नसराईत मित्र गाड्या घेऊन गावाकडे येतात, ठाण्याच्या फ्लॅटच्या गोष्टी करतात, तेव्हा आतून दुखतं, नाही म्हणणार नाही, अजूनही दुखतं. कोणी म्हणतं "तुझं डोकं चांगलं होतं रे, वाया गेलं" तेव्हा डोकं फिरतं माझं. काय वाया गेलं? भाऊ इंजिनिअर झाला, आईचं शेवटपर्यंत मी केलं, बाग ठिबकवर आणली, टिश्यू कल्चरची रोपं लावली तेव्हा गावात नाकं मुरडणारे तेच लोक नंतर बघायला आले. तेव्हाच्या माझ्याकडे जे होतं त्यात त्याने हेच करायला पाहिजे होतं. मी त्याच्या बाजूने उभा राहतो, कोणी काहीही म्हणो. हट्टी म्हणतात मला, म्हणू दे.

त्या मालिकेत मोठा सनऊ मागे जातो तेव्हा शाळकरी सनऊ तिथेच असतो, आणि मोठा त्याला सांगत राहतो हे कर, ते कर. मला त्या पोराचीच कीव यायची. स्वतःच्याच मोठेपणीची ऑर्डर त्याच्या डोक्यावर. तू तेच करतोय रोज रात्री दोन वाजेपर्यंत जागून, फक्त अगरबत्ती नाही एवढंच. त्याला मोकळं सोड. त्याला मूर्ख म्हणू नको.

आणि वडिलांशी अबोला धरलाय तो कशासाठी? त्यांनी तुला सीट सोड म्हटलं नव्हतं, मी तिथे होतो. तू स्वतः सोडली. त्यांना वाटतंय त्यांच्या आजारपणाने तुझं नुकसान झालं, आणि तू गप्प राहून ते पक्कं करतोय. आजच बोल त्यांच्याशी, अर्धा तास पुरे.

बीएस्सी झालंय, बारावीला मॅथ्स होतं, एमसीएच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मास्टर्स डिग्रीच्या, सीईटीला बसता येतं तुला. पुण्यालाच जायचं असेल तर त्या वाटेने जा, मागच्या जूनने नाही. मी रविवारी भुसावळला येतोय, मार्कशीटा घेऊन ये, फॉर्मचं काय ते सोबत बसून बघू. वडिलांनाही आण.

तुझा काका