पिणं कमी झालं म्हणून गोळी वाढवू नका, ताई

ताई, 'बीपीसाठी स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाल्यापासून मिस्टरांचं दारू पिणं निम्म्यावर आलंय, २५ ची ५० करू का?' हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. हाच उद्योग मी करून बसलोय. मी डॉक्टर नाही, तासगावात द्राक्षबाग करतो, तेवढं धरूनच वाचा.

आमच्या दादाला हीच गोळी पोटात पाणी झालं म्हणून होती. त्याची संध्याकाळची ओढ कमी झाली. गोळीने की पोट फुगलेलं म्हणून, देव जाणे. मी मोबाइलवर शोधलं तर अमेरिकेतला २०२२ चा अभ्यास सापडला. ही गोळी अल्डोस्टेरॉन या हार्मोनला अडवते. ती दिल्यावर उंदरांचं दारू पिणं घटलं, आणि माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या नोंदींतही ती घेणाऱ्यांचं जास्त घटलेलं दिसलं, डोस जास्त तसा फरकही जास्त. रीतसर चाचण्या अजून व्हायला हव्यात, असं त्या संशोधकांनीच म्हटलेलं. ते वाक्य मी सोयीने सोडलं आणि कुणाला न विचारता ५० ची १०० केली.

ही गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते. वर मी मिरजेहून येताना रोज दोन शहाळी आणायचो, आणि स्वयंपाकाला ते कमी सोडियमचं मीठ. दोन्हींत पोटॅशियमच! आठवड्याभरात दादाला खाटेवरून पाय उचलेना. रक्त दिलं, तर रिपोर्टच्या खिडकीवर 'साहेबांची सही नाही, उद्या या.' उद्याचा परवा झाला. कागद हातात आला तेव्हा पोटॅशियम ६.८. पाचच्या आसपास थांबायला हवं ते. दोन दिवस तो आकडा टेबलावर पडून, आणि एकाने फोन केला नाही. मग फॉर्मवर मोबाइल नंबर कशाला लिहून घेतात? अजून त्या खिडकीसमोरून जाताना डोकं फिरतं. दादा वाचला, पण तीन रात्री मॉनिटरवर काढल्या.

म्हणून डोसला हात लावू नका. पिणं कमी झालंय हे डॉक्टरांना सांगा, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कशी चालते ते कळतं) कधी तपासायचं ते विचारा, आणि रिपोर्ट त्याच दिवशी पदरात पाडून घ्या. दारूच सोडवायची असेल तर त्यासाठीची औषधं वेगळी आहेत, नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, मानसोपचारवाल्यांकडे जा. चहात गुपचूप कालवायच्या पुड्या तर मुळीच नकोत. रोज पिणाऱ्याची एका दिवसात तोडूही नका, झटके येतात.

आणि मिस्टरांना छाती दुखते का, तेही विचारून बघा. या गोळीने पुरुषांची छाती सुजू शकते. आमचा दादा लाजेने दोन महिने बोललाच नव्हता.